‘रोज थोडं थोडं वाढवा’ : एक सल्ला, दोन रुग्ण

(हिरकणीवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

रायगडाच्या पायथ्याशी येऊन थकव्यावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. चौदाशेच्या वर पायऱ्या डोक्यावर ओझं घेऊन चढणारी माणसं समोर बसली आहेत. वर पर्यटकाला ताक आणि सरबत विकून संध्याकाळी खाली यायचं, घरी येऊन चूल पेटवायची, सकाळी पुन्हा तेच. तुम्हाला मी थकवा म्हणजे काय ते सांगायला आलेलो नाही.

पण तुमचा हा थकवा रात्रीच्या झोपेनं फिटतो. आज मला बोलायचंय ते झोपेनं न फिटणाऱ्या थकव्याबद्दल. माणूस आठ तास झोपतो आणि उठतो तेव्हा झोपण्याआधी होता तितकाच दमलेला असतो. सहा-सहा महिने, वर्षं-वर्षं. रक्त तपासलं तर ठीक, एक्स-रे ठीक, सोनोग्राफी ठीक. मग डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, मनाचं आहे. थोडं फिरत जा. आज पाच मिनिटं, उद्या सहा. रोज थोडं थोडं वाढवा.’ घरचे म्हणतात, ‘ऐकलंस ना? ऊठ आता.’

या एका वाक्यावर, ‘रोज थोडं थोडं वाढवा’ या सल्ल्यावर, आजचं सगळं व्याख्यान आहे. कारण हा सल्ला एका रुग्णाला उभं करतो आणि दुसऱ्याला अंथरुणाला खिळवू शकतो. आणि ते दोन रुग्ण दवाखान्यात शेजारीशेजारी बसलेले असतात, एकच तक्रार घेऊन: ‘डॉक्टर, अंगात त्राणच नाही.’

दुसऱ्या रुग्णाच्या आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरी कागदांवर हल्ली एम.ई./सी.एफ.एस. असं जोडनाव दिसतं. मला स्वतःला ‘फटीग’ हे नाव फारसं आवडत नाही. क्षयाला ‘जुनाट खोकला’ म्हणण्यासारखं आहे ते. थकवा तर आहेच, पण या आजाराची खरी ओळख वेगळीच आहे. तिला आपण ‘श्रमानंतरची पडझड’ म्हणू. समजा, एका बाईला हा आजार आहे. सोमवारी जरा बरं वाटलं म्हणून तिनं चार कपडे जास्त धुतले. सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी दुपारपासून अंग मोडून आलं, घसा धरला, डोकं चालेना, उजेड आणि आवाज सहन होईना. बुधवारी उठवेना. एवढ्या चार कपड्यांची वसुली कधी आठवडाभर चालते, कधी महिनाभर. आणि श्रम म्हणजे फक्त अंगमेहनतच असं नाही. पाहुण्यांशी तासभर बोलणं, मुलाचा अभ्यास घेणं, बँकेत जाऊन अर्ज भरणं, यानंही तेच होतं.

यातली अडचण लक्षात घ्या. काम आणि त्रास यांच्यात एक-दोन दिवसांचं अंतर असतं. त्यामुळे रुग्णालाही ताळमेळ लागत नाही. घरच्यांना तर दिसतं ते एवढंच की परवा हसतखेळत होती आणि आज काम आलं तर आडवी झाली. मग ‘आळशी’ हा शिक्का बसतो. बाई असेल तर लवकर बसतो.

२०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं या आजाराचा मोठा आढावा घेतला. निदानासाठी त्यांनी तीन गोष्टी आवश्यक धरल्या: सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, नव्यानं आलेला आणि पूर्वीची कामं करू न देणारा थकवा, श्रमानंतरची पडझड, आणि ताजंतवानं न करणारी झोप. याच्या जोडीला डोकं न चालणं, किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यापैकी एक. एकट्या अमेरिकेत असे रुग्ण सव्वाआठ लाखांपासून पंचवीस लाखांपर्यंत असावेत आणि त्यातल्या बहुतेकांचं निदान झालेलंच नाही, असं त्यांनी लिहिलं. हा दुर्मीळ आजार नव्हे.

आता ‘थोडं थोडं वाढवा’ हा सल्ला आला कुठून ते पाहू. कारण तो कुणी दुष्टपणानं दिलेला नव्हता.

१९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक साथ आली. जवळजवळ तीनशे कर्मचारी आजारी पडले, त्यात परिचारिका पुष्कळ. हॉस्पिटल ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. ताप, स्नायूंचं दुखणं, अशक्तपणा, आणि काही जणांना पुढे वर्षानुवर्षं त्रास. डॉ. मेल्विन रॅमसे तिथेच होते, त्यांनी हे रुग्ण पाहिले होते, आणि हा शरीराचा आजार आहे असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. पण १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून निष्कर्ष काढला की हा सामूहिक हिस्टेरिया होता. रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण जास्त, हा त्यांच्या युक्तिवादातला एक भाग. पंधरा वर्षांनी कागद वाचून केलेलं हे निदान! तरी ते चिकटलं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये एक सौम्य आणि वरकरणी पटण्यासारखी मांडणी आली. ती अशी: सुरुवात कदाचित विषाणूनं झाली असेल, पण तो आता गेला. रुग्ण विश्रांती घेत राहिला, स्नायू सैल पडले, मग थोड्या श्रमानंही दुखू लागलं, दुखलं म्हणून भीती बसली, भीतीनं हालचाल आणखी कमी झाली. हे चक्र तोडायचं असेल तर दोन उपाय. एक, वर्तनोपचार, म्हणजे ‘श्रमानं माझं नुकसान होतं’ हा समज बोलून-समजावून बदलायचा. दोन, ठरलेल्या पायऱ्यांनी वाढत जाणारा व्यायाम. मांडणी ऐकायला चोख आहे की नाही? पाय मोडून प्लास्टर काढल्यावर आपण हेच करतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही हेच करतो. तिथे हे बरोबरही आहे.

यावर सगळ्यात मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली. तिचं नाव पेस. ६४१ रुग्ण, चार गट, आणि २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: वर्तनोपचार आणि वाढता व्यायाम, दोन्ही सुरक्षित आणि माफक गुणकारी. २०१३ मध्ये त्याच संशोधकांनी लिहिलं की या दोन गटांत २२ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, नुसत्या नेहमीच्या वैद्यकीय देखरेखीत ७ टक्के. जगभर बातम्या झाल्या. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कानावर आलेला सल्ला याच परंपरेतला.

रुग्ण मात्र म्हणत होते, आमची तब्येत बिघडते आहे. त्यातल्या काहींनी शोधनिबंध ओळ न् ओळ वाचून काढले. आणि त्यांना काय सापडलं? शारीरिक क्षमतेचा एक शंभर गुणांचा तक्ता असतो. चाचणीत भरती व्हायला त्यात ६५ किंवा कमी गुण हवे होते, म्हणजे इतका आजारी माणूस. सुरुवातीच्या आराखड्यात ‘बरा’ म्हणायला ८५ गुण ठरले होते. नंतर ती रेषा खाली आणून ६० वर ठेवली गेली. म्हणजे या एका कसोटीपुरतं बोलायचं तर ६५ गुणांचा माणूस आजारी म्हणून आत यायचा आणि ६० वर घसरून बरा म्हणून बाहेर पडू शकायचा! दहावीच्या परीक्षेत कुणी असं केलं तर आपण पेपरात पत्र लिहू.

अलेम मॅथीस नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या रुग्णानं माहिती-अधिकाराखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठानं नकार दिला. प्रकरण लवादापुढे गेलं आणि २०१६ मध्ये आकडे खुले करण्याचा आदेश झाला. मूळ आराखड्याच्या कसोट्या लावून पुन्हा हिशेब केला तेव्हा ‘बरे झालेले’ वर्तनोपचारात ७ टक्के, व्यायामात ४ टक्के, नेहमीच्या देखरेखीत ३ टक्के. या संख्यांतला फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान. आणखी एक साधी गोष्ट बघा. वर्षभराच्या व्यायामानंतर त्या गटातले रुग्ण सहा मिनिटांत सरासरी ३७९ मीटर चालत होते. त्या वयाचा निरोगी माणूस पाचशे-सहाशे मीटर सहज जातो. पेसचे संशोधक आजही आपल्या निष्कर्षांवर ठाम आहेत, हेही सांगायला हवं. पण ब्रिटनची नाइस ही संस्था, जिनं २००७ मध्ये हे दोन्ही उपचार सुचवले होते, तिनं २९ ऑक्टोबर २०२१ च्या नव्या मार्गदर्शिकेत बाजू बदलली. ठरावीक प्रमाणात वाढत जाणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नये. वर्तनोपचार आजार बरा करण्यासाठी म्हणून देऊ नये. दीर्घ आजारासोबत जगताना आधार म्हणून, रुग्णाला हवा असेल तरच द्यावा. काही डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, मार्गदर्शिका दोन महिने अडली, पण आली.

मग शरीरात नेमकं होतं काय? पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही, पण मांडणीतली चूक कुठे होती ते दिसू लागलंय. काही प्रयोगांत रुग्णांना सलग दोन दिवस सायकल चालवायला लावली आणि श्वासातला ऑक्सिजन मोजला. निरोगी पण बैठ्या माणसाचे दोन्ही दिवसांचे आकडे साधारण सारखेच येतात. म्हणजे सराव नसलेला माणूसही दुसऱ्या दिवशी तेवढं काम करतो. या रुग्णांची दुसऱ्या दिवशीची क्षमता मात्र खाली येते. नुसते स्नायू सैल पडल्यानं असं होत नाही. २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी कोविडनंतर असाच त्रास राहिलेल्या रुग्णांच्या स्नायूंचे नमुने व्यायामाआधी आणि नंतर तपासले, तर व्यायामानंतर स्नायूंमधली इजा वाढलेली आढळली. भीती काढून टाकल्यानं ही इजा कशी भरून येणार?

इथे मला तुमच्या हिरकणीबद्दल बोलायचंय. रागावू नका. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे: कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. आपण लहानपणापासून यातून शिकतो की मनात आणलं तर शरीर ऐकतं. निरोगी शरीर ऐकतंच, एका रात्रीपुरतं तर नक्कीच. पण गोष्टीत तिसऱ्या दिवशी हिरकणी कशी होती हे कुणी विचारत नाही, आणि या आजारात सगळं काही त्या तिसऱ्या दिवशीच कळतं. रुग्णाकडे जिद्द कमी नसते. उलट जिद्दीची माणसं यात जास्त घसरलेली मी पाहिली आहेत, कारण ती बरं वाटेल त्या दिवशी राहिलेलं सगळं काम उरकायला जातात.

आता पहिल्या रुग्णाकडे येऊ. नाहीतर तुम्ही घरी जाऊन सगळ्याच थकलेल्यांना झोपवून ठेवाल, आणि तो दुसरा घोटाळा होईल.

आपल्या शेजारी, गोव्यात, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बायकांच्या थकव्याचा एक अभ्यास केला. तो २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लोकसंख्येतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या सुमारे अडीच हजार बायका. त्यातल्या १२ टक्के जणींना सहा महिने किंवा जास्त काळ थकवा होता. लक्षात घ्या, हा नुसता दीर्घ थकवा, एम.ई./सी.एफ.एस. नव्हे. तुम्ही म्हणाल, रक्त कमी असणार. तर हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कर्जाशी, घरात उपाशी राहण्याची वेळ येण्याशी, पाळीच्या आणि अंगावरून जाण्याच्या त्रासाशी, उदासी आणि चिंतेशी, आणि नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेशी. जास्त तास काम करणाऱ्या बायकांत थकवा उलट कमी दिसला. माझा अर्थ असा की ज्यांना झेपतं त्याच जास्त तास काम करू शकतात. पण कष्टानंच थकवा येतो हे सरळ समीकरण तिथे टिकत नाही, एवढं खरं.

याचा अर्थ ॲनिमिया विसरा, असा नव्हे हं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. ते आधी तपासायचंच. थायरॉइड, साखर, बी-१२, क्षय, हृदय, मूत्रपिंड, झोपेत श्वास अडकणं, हेही. यापैकी काही निघालं तर त्याचा उपचार करायचा, आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाइनच्या बाटलीला पैसे घालायचे नाहीत. त्या बाटलीत मीठपाणी किंवा साखरपाणी असतं. पगार गेल्याचा, मार खाल्ल्याचा किंवा एम.ई.चा थकवा त्यानं जात नाही.

आणि नैराश्याचा थकवा? तिथे वर्तनोपचार खरोखर काम करतो. पुरावाही गोव्याचाच आहे. ‘संगत’ संस्थेच्या लोकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती आली. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. समुपदेशक कोण? मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, त्यासाठी शिकवून तयार केलेली साधी माणसं. सहा ते आठ भेटी. काय करायचं? रुग्णानं सोडून दिलेली, आवडीची आणि गरजेची कामं हळूहळू पुन्हा सुरू करायची. म्हणजे जवळपास तेच, ‘थोडं थोडं वाढवा’. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. नुसती सुधारित नेहमीची देखरेख मिळालेल्यांत ३९ टक्के. इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी औषध मला दुसरं सांगता येणार नाही.

तर सल्ला एकच. गोव्यात तो नैराश्याच्या रुग्णाला उठवतो, आणि एम.ई.च्या रुग्णाला पाडतो. मग ओळखायचं कसं? आशाताई बसल्या आहेत, त्यांनी हे लिहून घ्यावं. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तराची घाई करायची नाही: ‘एरवीपेक्षा जास्त काम झालं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं?’ नैराश्यात बहुतेकदा सुरुवातच जड जाते. करावंसंच वाटत नाही, पण कुणी बळेच बाहेर नेलं तर परतताना जरा हलकं वाटतं. एम.ई.मध्ये उलटं. करावंसं खूप वाटतं, करतानाही कदाचित बरं वाटतं, आणि मग पडझड. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. इतकी वर्षं कुणी विश्वास न ठेवल्यावर उदासी येणारच. पण पडझड आहे असं उत्तर आलं तर ‘रोज वाढवा’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

आपल्या भागात आणखी एक विचारायचं: सुरुवात कशानं झाली? ऑस्ट्रेलियात डब्बो इथे वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांचा पाठपुरावा झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्क्यांना क्रॉनिक फटीग सिंड्रोम. जंतू कोणताही असो, प्रमाण साधारण तेवढंच. कुणाला होईल याचा अंदाज स्वभावावरून लागत नव्हता. मूळ आजार किती जोराचा होता यावरून लागत होता. त्या संसर्गांत रॉस रिव्हर नावाचा एक विषाणू होता, तो आपल्या चिकनगुन्याचा भाऊबंद. म्हणून ‘तापानंतर जे अंथरूण धरलं ते धरलंच’ असं कुणी म्हणालं तर ते निमित्त समजू नका.

बरं करणारं औषध आज नाही. जे आहे त्याला पेसिंग म्हणतात. मराठीत त्याला म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरणं. पंधरा दिवस वहीत लिहायचं: काय केलं, किती वेळ, दोन दिवसांनी कसं होतं. त्यातून आपली रेषा कळते, आणि तिच्या अलीकडेच थांबायचं. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी बसायचं. भाजी बसून निवडायची, भाकऱ्या स्टुलावर बसून थापायच्या, आंघोळ आणि केस धुणं एका दिवशी नाही. बरं वाटेल त्या दिवशी बाकी राहिलेलं उरकायचं नाही. ही सगळ्यात अवघड अट. इथल्या रोपवेनं माणूस चार-पाच मिनिटांत वर जातो आणि त्याला जगदीश्वराचं मंदिर पायऱ्यांनी आलेल्या माणसाइतकंच दिसतं. खुर्ची, काठी, दुसऱ्यानं आणून दिलेला हंडा, हे सगळे रोपवेच आहेत.

पण खरी गाठ इथेच आहे. पेसिंग ही रुग्णाची एकटीची गोष्ट नाही. तिनं हंडा खाली ठेवला तर तो कुणीतरी उचलायला हवा. विलायतेतल्या मार्गदर्शिकेत ‘श्रम मर्यादेत ठेवा’ असं लिहिणं सोपं आहे. वाडीत तो निर्णय सासू, नवरा, जाऊ आणि मोठी मुलगी यांचा असतो. त्यामुळे अशा रुग्णाचं निदान झालं की मी घरच्यांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर ‘आजार’ हा शब्द स्पष्ट उच्चारतो. आळस नाही, ढोंग नाही, आजार. मोठी मुलगी शाळा सोडून हंडा उचलू लागली तर मात्र तो उपाय नव्हे, हेही तेव्हाच सांगतो.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: ‘म्हणजे अशा माणसानं आयुष्यात कधी व्यायाम करायचाच नाही का?’ चांगलं विचारलंत. पडून राहणाऱ्या रुग्णाचे सांधे आखडू नयेत म्हणून अंथरुणातच हातपाय हलवणं, तेही झेपेल तेवढंच, हे हवंच. आणि पुष्कळ आठवडे पडझड झालेली नसेल, रुग्णाला स्वतःला वाटत असेल, हा आजार समजणारा फिजिओथेरपिस्ट सोबत असेल, तर थोडी हालचाल करून बघायला नाइसचीही हरकत नाही. त्याला तीन अटी आहेत. वाढ तारखेनं ठरवायची नाही. सुरुवात झेपतं त्याहून कमीनं करायची. आणि दोन दिवसांनी त्रास झाला तर मागे यायचं, तेव्हा घरात कुणी ‘बघ, पुन्हा सुरू झालं हिचं’ म्हणायचं नाही.